टिपाडातले पाच दिवस

टँकच्या उजव्या मागच्या कोपऱ्याखाली शहाबादी फरशीवर पाण्याचा एक थेंब होता. पुसला. पाच मिनिटांनी त्याच जागी दुसरा. बोट काचेवरून खाली नेलं तर तळाची काच आणि बाजूची काच जिथे मिळते, तिथल्या सिलिकॉनमधून केसाएवढी ओल झिरपत होती. टँक निम्मा भरला होता, तोही चाचणीसाठी, साध्या बोअरच्या पाण्याने. मासे, कोळंब्या, मऊ पोवळी आणि पस्तीस किलो दगड शेजारीच दोन निळ्या पिंपांत आणि थर्माकोलच्या खोक्यांत होते. रात्रभर ठाण्याहून प्रवास करून ते नुकतेच लातूरला पोचले होते आणि त्यांचं घर गळत होतं.

आई दारात उभी होती. म्हणाली, "आता गं?"

त्या "आता गं"चं उत्तर सापडायला पाच दिवस लागले. खाऱ्या पाण्याचा टँक घेऊन गाव बदलायची वेळ कुणावर आली, तर त्यातलं थोडं कामी येईल म्हणून लिहिते आहे.

ठाण्यात हा टँक साडेसहा वर्षं चालला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरला तर अडीचशे लिटरच्या आसपास पाणी आणि खाली छोटा संप, म्हणजे टँकला जोडलेली खालची छोटी टाकी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे मोजमापाची सवय हातात होती. बाकी सगळं चुकत शिकले. बाबा गेले, आई लातूरच्या घरात एकटी पडली. नवऱ्याचं काम घरूनच चालतं, मला लातुरात नोकरी मिळाली, तेव्हा परतायचं ठरलं. सामानाचा प्रश्न नव्हता. टँकचा होता. "विकून टाक, तिथे जाऊन नवा कर," असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण नवा टँक म्हणजे नुसती काच आणि मीठ. दगड मात्र साडेसहा वर्षांचे होते.

हे दगड मी विकत आणले तेव्हा कोरडे, पांढरे, मेलेले होते. समुद्रातून काढलेला एकही नाही. आपल्याकडे दगडी पोवळी, काळी पोवळी आणि समुद्रपंखे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. म्हणून माझ्याकडे फक्त मऊ पोवळी: झोअँथिड, मशरूम आणि एक तळहाताएवढं लेदर. क्लाउनफिशची जोडी टँकमध्येच पैदास झालेली. प्रत्येक खरेदीची पावती मी फाइलमध्ये ठेवली होती आणि ती फाइल प्रवासात गाडीच्या डॅशबोर्डवर होती.

तर दगड. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विष. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. दगडाच्या अंगावर आणि त्याच्या बारीक छिद्रांत वस्ती करून राहतात. पाणी नवं बनवता येतं, एका दिवसात. ही वस्ती बसायला महिने लागतात. त्यामुळे माझ्या लेखी "टँक न्यायचा" याचा अर्थ दगड ओले आणि जिवंत न्यायचे, एवढाच होता. मासे त्यांच्याबरोबर येणार होते.

पाण्याचा विचार मात्र लातूरचा म्हणून वेगळा करावा लागला. खाऱ्या टँकला नळाचं किंवा बोअरचं पाणी चालत नाही. आरओ करून, वर डीआय रेझिनमधून (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे दाणे) काढून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्यावर आणायचा, मग त्यात समुद्री मीठ मिसळायचं. माझ्या घरच्या आरओत एक लिटर चांगल्या पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर जातं. अडीचशे लिटर नवं पाणी करायचं तर साडेसातशे लिटर मोरीत. ठाण्यात हे करताना मन खातं, पण भागतं. लातुरात आमच्या गल्लीला तेव्हा नळ आठवड्यातून एकदा येत होता. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा डब्यांत पाच लाख लिटर. तेव्हा आई स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्या मावशीकडे होती. ती गाडी येताना लोक कसे उभे होते, ते ती अजून सांगते. त्या घरात जाऊन साडेसातशे लिटर पाणी सोडून देणं मला जमणार नव्हतं. म्हणून पाणी ठाण्यातच करायचं आणि सोबत न्यायचं ठरवलं. बाहेरगावचं पाणी लातूरला येणं, आमच्या गावाला नवं नाही.

मामेभाऊ औशाकडून कोथिंबीर घेऊन वाशी मार्केटला येतो. परतीला त्याची पिकअप बहुतेक रिकामी असते. तो म्हणाला, "ताई, तुझा दर्या मी नेतो, पण रस्त्यात सांडला तर मला बोलायचं नाही." गाडी आली तेव्हा तिच्या हौद्याला कोथिंबिरीचा ताजा वास होता, आणि मला पहिली धास्ती त्याच वासाची बसली. भाजीवर फवारणी झालेली असते. कीटकनाशकाचा अंश माणसाला जाणवणारही नाही, पण कोळंबी ही किड्यांच्याच गोतावळ्यातली. तिला तेवढ्यानेही मरण येतं. हौदा दोनदा पाण्याने धुतला, वर नवी ताडपत्री अंथरली, मगच पिंपं चढवली.

पिंपं म्हणजे दोनशे लिटरची निळी प्लास्टिकची. जुन्या बाजारात ती स्वस्त मिळतात, पण आधी आत काय होतं हे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ॲसिडचं किंवा रंगाचं पिंप कितीही धुतलं तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं निघत नाही. माझी दोन्ही ग्लुकोजच्या पाकाची होती. तिसऱ्या मजल्यावरून बाल्कनीतून पारदर्शक पाईप खाली सोडला आणि पाणी स्वतःच्या वजनाने पिकअपमधल्या पिंपांत उतरलं. एका पिंपात टँकचं जुनं पाणी एकशे वीस लिटर आणि सगळे दगड. दुसऱ्यात नव्याने बनवलेलं एकशे पन्नास लिटर. क्षारता, म्हणजे पाण्यातलं मीठ, दोन्हीकडे रिफ्रॅक्टोमीटरने मोजून जुळवून घेतली, विशिष्ट गुरुत्व १.०२५. झाकणाखाली जाड प्लास्टिक, वरून पट्टा.

मासे दोन दिवस उपाशी ठेवले होते. ऐकायला निर्दय वाटतं, पण भरल्या पोटाचा मासा पिशवीत विष्ठा करतो आणि त्यातच त्याला आठ-दहा तास श्वास घ्यायचा असतो. दुहेरी पिशवी, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. ऑक्सिजन ओळखीच्या मत्स्यवाल्याकडून भरून घेतला आणि त्याला सांगितलं, तट्ट फुगवू नकोस. घाटात वेफर्सचं पाकीट फुगतं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ठाणं समुद्राच्या पातळीला, खंडाळ्याचा घाट चढला की सहाशे मीटर, आणि लातूरही तितक्याच उंचीवर. पिशवी आधीच तट्ट असेल तर गाठीवर ताण येतो. प्रत्येक पोवळं वेगळ्या डब्यात घातलं. लेदर त्रासलं की पाण्यात विषारी द्रव्यं सोडतं, शेजाऱ्याला ते बाधतं. झोअँथिडला हात लावताना हातमोजे आणि चष्मा घातलाच. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं. या पोवळ्यांचे दगड कुणी गरम पाण्याने धुवायला गेलं तर वाफेनेही माणूस दवाखान्यात जातो. आईला मी फोनवर हे आधीच सांगून ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र मी चुकीची केली. टँक रिकामा करताना वरची वाळू काढून फेकली. ती साडेसहा वर्षांची घाण धरून होती, ढवळली की अमोनिया आणि सडक्या अंड्याचा वास. पण तळाची इंचभर वाळू राहू दिली. संध्याकाळचे सहा वाजले होते, गाडी सातला निघायची होती, आणि मनात आलं की त्या वाळूत बारीक जीव आहेत, ते तरी येतील. पंचवीस-तीस किलो ओली वाळू तळाच्या काचेवर ठेवून मी तो टँक पावणेपाचशे किलोमीटर नेला. रिकामा टँकच साठ-पासष्ट किलोचा. उभा टँक स्थिर पाण्याचं वजन वर्षानुवर्षं पेलतो, कारण ते सगळीकडे सारखं असतं आणि हलत नाही. खड्ड्यात उसळणारी ओली वाळू मात्र प्रत्येक गचक्याला तळाचा जोड उचकटते. लातुरात फरशीवर पडलेला तो थेंब या वाळूचा होता.

प्रवास रात्रीचा ठेवला, जानेवारीत ठेवला, कारण मराठवाडा म्हटलं की माझ्या डोक्यात ऊन होतं. उन्हाची एवढी तयारी केली की थंडी विसरले. पुणं, इंदापूर ओलांडलं, टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. खोक्यात हात घातला, पिशवी गार लागली. थर्मामीटर २२वर. निघताना २६ होता. कुर्डुवाडीच्या अलीकडे एका ढाब्यावर मामेभावाने मालकाला सगळी हकिकत सांगितली आणि त्या भल्या माणसाने चहाच्या पातेल्यातलं उकळतं पाणी आमच्या चार बाटल्यांत भरून दिलं. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांच्या कोपऱ्यांत, पिशव्यांना न टेकवता ठेवल्या. बार्शीला २३, येडशीच्या घाटात २४. मुरूड मागे पडलं तेव्हा पूर्वेला उजाडत होतं आणि खोक्यात विजेरी टाकली तर क्लाउनफिशची मादी पिशवीच्या कोपऱ्यात तोंड करून, कल्ले संथ हलवत उभी होती. तिच्या अंगावरचा पांढरा पट्टा विजेरीत दुधासारखा दिसला. मी मामेभावाला म्हटलं, आता हळू चालव. तो म्हणाला, "ताई, याच्यापेक्षा हळू म्हणजे चालतच जायचं."

घरी पोचल्यावर पिंपांत बॅटरीवरचे एअरपंप काढून विजेवरचे लावले, हीटर टाकले. मग पिशव्या. गोड्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांना सवय असते की पिशवी उघडायची आणि तास-दीड तास थेंब-थेंब नवं पाणी मिसळायचं. लांबच्या प्रवासानंतर हे घातक ठरतं. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने पाण्याचा पीएच उतरतो आणि उतरलेल्या पीएचमध्ये अमोनिया निरुपद्रवी रूपात, अमोनियम म्हणून राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे बंद पिशवीत तग धरलेला मासा उघड्या पिशवीत मरू शकतो. म्हणून पिशव्या बंदच पिंपावर तरंगत ठेवल्या, पाऊण तासात तापमान जुळलं; मग एकेक उघडायची, क्षारता तपासायची, मासा हाताने उचलायचा आणि पिंपात सोडायचा. पिशवीतलं पाणी बाहेर. सातही जीव जिवंत निघाले.

त्यानंतर टँकची चाचणी, आणि तो थेंब.

गळका टँक रिकामा करायचा म्हणजे सव्वाशे लिटर पाणी कुठेतरी ठेवायचं. माझ्या हातात पाईप होता आणि तो मोरीकडे निघाला होता. आईने तो मध्येच धरला. घरातलं तांब्याचं घंगाळ, तीन बादल्या, पिठाचा रिकामा डबा, न्हाणीघरातली टाकी, सगळं तिने ओळीने मांडलं आणि एक थेंब मोरीत जाऊ दिला नाही. पुढचे दोन दिवस घरातली धुणी-भांडी त्या पाण्यावर झाली.

जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. वरून थापून भागलं असतं तर मीही थापलं असतं. आतला सगळा थर, गळणाऱ्या कोपऱ्याचाच नाही, चारही उभे आणि चारही आडवे जोड, पात्याने खरवडून काढावा लागतो. काच आणि काच यांच्या मधला जोड राहू द्यायचा, आतली पट्टी तेवढी नवी. नवऱ्याने आणि मी रविवारची संध्याकाळ आणि अर्धी रात्र यात घालवली. काचेवर नख फिरवलं की रबराचा बारीकसा कण जाणवायचा, की पुन्हा पातं. शेवटी ॲसिटोनने पुसलं. गंजगोलाईत हार्डवेअरची चार दुकानं फिरून साधं, व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन आणलं. न्हाणीघरासाठीचं सिलिकॉन घ्यायचं नाही. त्यात बुरशी मारणारं औषध असतं, ते टँकमध्येही मारतंच. दुकानदार "हेच भारी आहे" म्हणत बुरशीवालंच पुढे करत होता. ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून घ्यावं.

आणि लातूरची हवा. हे सिलिकॉन वाळून घट्ट होत नाही. हवेतली आर्द्रता शोषून घट्ट होतं. ठाण्यात बाराही महिने हवा दमट, चोवीस तासांत त्याला पकड येते. लातुरात जानेवारीत ओठ फुटतात. दुसऱ्या दिवशी मी कडेला बोट लावलं तर वर साय आणि आत लोणी. खोलीत दोरी बांधून ओल्या चादरी टाकल्या, खिडक्या लावल्या. आईला आधी ते उफराटं वाटलं, एखादी गोष्ट वाळवायला ओलं फडकं कशाला. पण सांगितल्यावर ती दर दोन तासांनी चादरी त्याच घंगाळातल्या पाण्यात पुन्हा भिजवून टाकू लागली. घट्ट होताना त्यातून व्हिनेगरचा वास येत राहतो. तो पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरायचं नाही, हे ठरवलं होतं. वास गेला गुरुवारी.

तोवर सगळा संसार पिंपात. आई त्याला टिपाड म्हणते. पहिल्या टिपाडात दगड आणि मासे, दुसऱ्यात भाजीची प्लास्टिकची जाळीदार टोपली तारेने टांगून तिच्यात पोवळी, पाण्याखाली वीतभर. वर काठीला बांधलेला दिवा. दर सकाळी आणि रात्री मी अमोनियाची चाचणी करत होते. पाच मिलिलिटर पाणी, दोन बाटल्यांतले थेंब, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर शून्य, हिरवट झालं तर धोका. रविवारी रात्री पिवळं. सोमवारी सकाळी पिवळं, रात्रीही पिवळं. एकशे वीस लिटर पाणी, एवढे जीव, ना फिल्टर ना वाळू. आणि दगड आपलं काम करत होते. मी ती नळी खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

सोमवारी रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. बॅटरीचे एअरपंप मी मधल्या खोलीत एका टिपाडाला पुन्हा लावून ठेवले होते, ते चालू झाले, बाकी घर चिडीचूप. आई त्याच खोलीत झोपत होती. तिने मला हाक मारली.

"पाल चुकचुकायलीय गं. मघाधरनं."

विजेरी घेऊन भिंतीवर पाहिलं, पाल नव्हती. तेवढ्यात पुन्हा आवाज आला, टक्, बोटं मोडावीत तसा स्पष्ट. आईने विजेरी माझ्या हातातून घेतली आणि सरळ टिपाडावर धरली. "याच्यात काय टकटक करायलंय?"

माझ्याकडची पिस्तुल कोळंबी होती ती. बोटभर लांब, एक नांगी अंगाच्या मानाने मोठी. ती नांगी एवढ्या वेगाने मिटते की पाण्यात पोकळ बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटताना आवाज होतो. ठाण्यात पंपांच्या घरघरीत मला तो क्वचित ऐकू यायचा. ही कोळंबी जवळजवळ आंधळी असते. वाळूत बीळ खणते आणि तिच्या बिळात पिवळा गोबी मासा राहतो. बीळ तिचं, डोळे त्याचे. बाहेर आली की तिची एक लांब मिशी सतत गोबीच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की तो शेपटी थरथरवतो आणि दोघं आत. टिपाडात वाळू नव्हती, म्हणून मी पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा टाकला होता. विजेरीत आईने तोच पाहिला: पाईपच्या तोंडाशी गोबीचं पिवळं डोकं, आणि त्याच्या मागून आलेली केसासारखी मिशी त्याच्या पाठीवर टेकलेली. आई वाकून, पदर तोंडाशी धरून, पुष्कळ वेळ बघत राहिली. "सोडंना की ती त्याला," ती म्हणाली.

वीज साडेपाचला आली. आई तोवर जागीच होती.

मंगळवारी रात्री नळीतलं पाणी हिरवट झालं. ०.२५. बुधवारी सकाळी ०.५. दगड तेच, जीव तेच, म्हणजे काहीतरी मेलं होतं. हात बाहीपर्यंत घालून एकेक दगड उचलला. चौथ्या दगडाखाली ब्लेनी सापडला, दगडांवरचं शेवाळ खरवडून खाणारा, टँकमध्ये काचेला ओठ लावून माझ्याकडे बघणारा. घाईत मी दगड पिंपात नुसते टाकले होते, रचले नव्हते. वरचा सरकला होता. ठाण्यात साडेपाच वर्षं तो माझ्याकडे होता, आणि हा मृत्यू प्रवासाचा नव्हता, माझ्या हाताचा होता. दगड काढून पुन्हा रचले, प्रत्येक हलवून पाहिला, चाळीस लिटर पाणी काढून त्याजागी दुसऱ्या पिंपातलं घातलं. गुरुवारी सकाळी पुन्हा पिवळं. मुलाने ब्लेनीला परसात जास्वंदीखाली पुरलं.

टँक ठेवायची जागा आईने ठरवली. मला तो मधल्या खोलीत तिच्या पलंगासमोर हवा होता, तिला दिसावा म्हणून. ती नाही म्हणाली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र उलटून चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही औशाला होतो. मी नऊ वर्षांची. फळीवरचे पितळी डबे अंगावर आले, आईच्या खांद्याला त्याचा व्रण आहे. जड वस्तू झोपायच्या जागेपाशी ती ठेवू देत नाही, तीस वर्षं झाली. भरलेला टँक, दगड, स्टँड मिळून साडेतीनशे किलोच्या पुढे जातं. तेव्हा बैठकीत, बाहेरच्या भिंतीला, स्टँड चार जागी भिंतीत बोल्टने धरलेला. गवंड्याने पाणसळ लावून पाहिलं, डावी बाजू तीन मिलिमीटर खाली होती. तिथे रबराची पट्टी घातली. सिलिकॉनच्या नव्या जोडाला वाकडा ताण नको होता.

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा बोअरचं पाणी भरलं, रात्रभर ठेवलं, कोपऱ्यांखाली वर्तमानपत्र. शुक्रवारी सकाळी कागद कोरडा. नवी वाळू धुऊन, दगड रचून, पाणी चढवून, मासे आणि पोवळी सोडेपर्यंत शुक्रवारचे चार वाजले. झोअँथिड सहा वाजता उघडली. लेदरने मात्र तोंड मिटून घेतलं, अंगावर मेणासारखा पापुद्रा आणला आणि सोळा दिवस तसंच राहिलं. लेदर असं करतं, जुनी कातडी टाकतं. त्याला हात न लावता पाण्याचा प्रवाह तेवढा त्याच्या अंगावरून जाऊ द्यायचा. सतराव्या दिवशी पापुद्रा सुटला आणि टोपीवर मऊ बोटं आली. वाळूवर तीन आठवडे तपकिरी थर येत होता, मग तोही गेला.

उन्हाळ्याचं भय मी ठाण्यातूनच बाळगून आणलं होतं. चिलर घ्यावा लागणार, पैशाची तजवीज करून ठेवली होती. एप्रिलमध्ये लातूर चाळिशीपार गेलं. पाण्यावर वारा सोडणारे दोन छोटे पंखे लावले आणि टँक सत्तावीसवर राहिला. ठाण्यात हेच पंखे जेमतेम एक-दीड अंश उतरवायचे, कारण तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली. वाफ व्हायला जागाच नाही. इथली हवा तहानलेली. माठातलं पाणी जसं गार होतं, तसंच हे. किंमत पाण्यात मोजावी लागते: मेमध्ये रोज पाच-सहा लिटर उडून जायचं. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याची. म्हणजे रोज पंधरा-अठरा लिटर आरओचं टाकाऊ पाणी. बोअरचा टीडीएस माझ्या मीटरवर ९४० आहे, टाकाऊ त्याहून जड, कुंड्यांना घातलं तर माती क्षारपड होईल. आईने त्याला फरशी, संडास आणि अंगणातला सडा अशी कामं लावून दिली. बादली भरली की आरओ बंद, हा तिचा नियम, आणि तो तिनेच पाळायचा.

भर घालायचं कामही तिनेच घेतलं. संपच्या काचेवर मी पेनने रेघ मारून दिली: इथवर पाणी. पहिल्या दिवशी ती देवघरातला तांब्याचा तांब्या घेऊन आली, चकचकीत घासलेला. पाण्याला तो शुद्ध करतो, अशी तिची श्रद्धा, आणि माणसाच्या पाण्यापुरती ती असू दे. पण तांब्याचा अंश कोळंबीला आणि पोवळ्यांना विष आहे; माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषधही ज्या टँकमध्ये कोळंबी आहे तिथे चालत नाही. मी धावत जाऊन तिचा हात धरला. सगळं सांगितलं. तिने तांब्याकडे पाहिलं, टँककडे पाहिलं, आत जाऊन तो देवघरात ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी स्टँडशेजारच्या खुंटीला एक स्टीलचा गडू टांगलेला होता. त्याच्या गळ्याला लाल दोरा, म्हणजे स्वयंपाकघरात कुणी नेऊ नये. सकाळी पूजा आटोपली की ती चष्मा लावून रेघ बघते, गडूने हळूहळू पाणी सोडते आणि गोबी बिळाच्या तोंडाशी आहे का ते पाहून मगच चहा घेते.